शिरपूरच्या सुरमईचं पिठलं

मासा बघायला रत्नागिरीहून धुळ्याला निघाले आहे असं शेजारणीला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "उलटं नाही ना?" उलटं नव्हतं. समुद्री माशांच्या मांसात डोळ्यांना न दिसणारे परजीवी असतात. ते शोधायचे आणि त्यांचा वंश ठरवायचा, हे माझं वर्षानुवर्षांचं काम. त्यासाठी बंदरं फिरले आहे. ज्या गावात समुद्र दाखवायचा तर भिंतीवरचं कॅलेंडरच काढावं लागेल, तिथं या कामासाठी कधी जावं लागेल असं वाटलं नव्हतं.

बोलावणं नलिनीचं. आम्ही वसतिगृहात एका खोलीत राहिलो. ती मूळची धुळ्याची, आता जळगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. धुळ्याच्या बाजारात शेवंताअक्का नावाची मासेविक्रेती आहे आणि नलिनीच्या घरी लहानपणापासून मासा तिच्याच ओट्यावरचा. या अक्कानं शिरपूरजवळच्या एका घरी सुरमई विकली आणि तिचा रस्सा करायला गेले तर तुकड्यांचा लगदा झाला. त्या घरच्या कर्त्यानं बाजारात येऊन सांगितलं की अक्कानं जुना मासा पावडर लावून ताजा म्हणून विकला. आता ओटेवाल्यांची समिती रविवारी बसणार होती आणि अक्काचा ओटा राहणार की जाणार ते ठरणार होतं.

"लगदा झाला की लगदा होता?" मी फोनवर विचारलं.

"तेच कळायला तू ये," नलिनी म्हणाली.

खांद्याला कपड्यांची पिशवी आणि हातात सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी घेऊन निघाले. हा सूक्ष्मदर्शक जुना आहे, खाली आरसा असलेला. त्याला वीज लागत नाही. बरोबर नेण्यासारखी सगळ्यात शहाणी वस्तू तीच निघाली.

जळगाव

स्टेशनाबाहेर केळीचे ट्रक रांगेनं उभे होते आणि सकाळीच ऊन असं की पेटीची पितळी कडी हाताला भाजत होती. नलिनीनं न्याहारीला फुनके वाफवून ठेवले होते, वर कढी. तुरीच्या डाळीचे हे मुटके मी पहिल्यांदाच खाल्ले आणि चार जास्त खाल्ले.

अक्काची ती सुरमई एकच होती, भली मोठी. सुरतेकडून बर्फाच्या गाडीतून आलेली. अक्कानं तिचे दोन भाग केले. शेपटीकडचा अर्धा शिरपूरकडे गेला आणि डोक्याकडचा जळगावच्या एका धाबेवाल्याला. धाबेवाल्यानं त्यातला बराचसा त्याच दिवशी तळून विकला. कोणाची तक्रार नाही. उरलेला एक मोठा तुकडा त्याच्या फ्रीजरमध्ये होता. तो थर्मोकोलच्या डब्यात बर्फात घालून नलिनीनं आणवला, पण जिन्याशीच अडला. तिचे घरमालक राजस्थानी जैन, कापडाचं दुकान असलेले वयस्क गृहस्थ. सगळे त्यांना बाबूजी म्हणतात.

"मशीन वर न्या," बाबूजी म्हणाले. "डबा नाही."

"आणि काचेवर लावून नेलं तर?"

त्यांनी जरा विचार केला. "काचेवर मासा असेल की नसेल?"

"असेल. टाचणीच्या टोकाएवढा."

"मग ताई, तो मासाच झाला ना."

त्यांचं बरोबर होतं. आमच्या धंद्यात टाचणीच्या टोकाएवढ्या माशावरूनच अख्ख्या माशाबद्दल बोलतात. त्यांनी गल्लीपलीकडचं मोकळं गोदाम उघडून दिलं, बसायला खुर्ची पाठवली आणि स्वतः फाटकाच्या आत येईनात.

मी मांसाचा कण घेतला, पाण्याच्या थेंबात दोन काचांमध्ये दाबला आणि पाहिलं. स्नायूचे तंतू, चरबीचे गोळे. दुसरी काच. तिसरी. काही नाही. गोदामाला एकच खिडकी, तिच्यातून येणारा उजेड अपुरा आणि दिवा लावायला जावं तर वीज गेलेली. तुकडा मात्र घट्ट होता. बोटानं दाबला की मांस परत वर येत होतं.

हे चांगलं लक्षण नव्हतं. माझा संशय कुडोआ नावाच्या परजीवीवर होता. हा जिवंत माशाच्या स्नायूत गप्प बसून असतो. मासा मेला की कुडोआची पाचकद्रव्यं मांसात पसरतात आणि मांस आतून विरघळतं. बाहेरून कातडी चकचकीत, कल्ले लाल, वास स्वच्छ आणि आत खीर. पण हा परजीवी माशात नसेल, तर लगद्याचं दुसरं कारण शोधावं लागणार. आणि ते पावडरचा आरोप करणाऱ्यांनी आधीच शोधून ठेवलं होतं.

"अक्काला काय सांगू?" नलिनीनं विचारलं.

"काही नको. अजून काही माहीत नाही."

नलिनीला कॉलेज होतं. डबा नव्या बर्फानं भरला आणि एकटीच एसटीत बसले. पारोळ्याला डब्यातलं पाणी कंडक्टरच्या चपलेपर्यंत गेलं. त्यानं खाली पाहिलं, मग माझ्याकडे. "मासा आहे," मी म्हटलं. त्यानंतर धुळ्यापर्यंत माझ्या शेजारी कोणी बसलं नाही.

धुळे

शेवंताअक्का साठीची, काटक, कपाळावर मोठं कुंकू. आजूबाजूच्या ओट्यांवर गर्दी होती, तिचा ओटा रिकामा. समितीचा निर्णय होईपर्यंत विकायची बंदी होती, तरी तिनं तो धुऊन वर ओलं गोणपाट अंथरलेलं होतं.

"ये बहीन," ती म्हणाली. "तुले काय दखाडू? ओटा शे, मासा नही."

मी विचारलं, विकला तेव्हा मासा कसा होता. तिनं आपलं बोट माझ्या मनगटावर जोरात दाबलं. "असा व्हता. मी बोट दाबीसन दखाडं त्यास्ले. त्यास्नी बी दाबं. मंग पिशवीमा टाका."

"बर्फात किती दिवस होता?"

"गाडी उनी ती सकाळ, इका तीच सकाळ." म्हणजे आला त्याच सकाळी विकला. मग तिनं माझ्या पेटीकडे हनुवटी केली. "यामा दखाई ना, पावडर शे का नही ते?"

"नाही. पावडर शोधायला रसायनांची प्रयोगशाळा लागते. यात फक्त बारीक जीव दिसतात."

"मंग कसाले उनी तू?" मग का आलीस, असा तो सरळ प्रश्न होता. शेजारच्या ओट्यावरची बाई हसली. "अक्का, पाव्हणीले चहा तरी पाज."

समितीचे प्रमुख नाना, सुके बोंबील आणि जवळा विकणारे. माणूस कोरडा, आपल्या मालासारखा. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, "अक्का चांगली बाई आहे, ते मला सांगू नका. एका ओट्याची बदनामी म्हणजे सगळ्या ओट्यांची. रविवारी तक्रार करणारे आबा येतील. त्यांना पटलं पाहिजे. नाही पटलं तर ओटा दुसऱ्याला."

दुपारी अक्कानं घरी जेवायला घातलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल. आमच्याकडे ओलं खोबरं वाटतात ते हाताशी आहे म्हणून. इथं सुकं खोबरं आणि कांदा काळा होईपर्यंत भाजतात. त्या मसाल्यात काहीही शिजवा, रस्सा काळाच. म्हणजे शिरपूरच्या पातेल्यातला रस्सा कोणी जपून ठेवला असता तरी माझ्या उपयोगाचा नव्हता. मला कच्चा मासा हवा होता.

"कच्चा शे," अक्का म्हणाली. "आबानी बादलीमा ठेयेल शे. पुरावा म्हनस."

तापीच्या उत्तरेला

दुसऱ्या दिवशी नरडाण्याचे कारखाने मागे टाकून तापी ओलांडली. नदीला पाणी बरंच होतं. पुलाखाली दोघे जण होडीतून जाळं ओढत होते. जाळ्यात काहीतरी जिवंत उसळलं. ते दृश्य मी बघितलं आणि सोडून दिलं. नंतर उपयोगी पडलं.

आबांचं घर कापूस आणि केळीचं. आबा सत्तरीला आलेले, पांढरी टोपी, बोलणं माझ्याशी शहरी. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि बादली देणार नाही असं सांगितलं.

"ती रविवारी बाजारात उघडेल. सगळ्यांसमोर. आत्ता तुम्ही काही टाकलं म्हणजे?"

"मी काय टाकणार?"

"ते मला काय माहीत. तुम्ही त्यांच्या बाजूच्या."

मग त्यांनी जे सांगितलं त्यावरून त्यांच्या रागाचं कारण कळलं. लेकीचं लग्न महिन्यापूर्वी झालेलं. जावई आणि सासरची माणसं पहिल्यांदाच जेवायला आली होती, नाशिकहून. मटण सगळेच घालतात, म्हणून आबांनी समुद्राचा मासा आणवला. पानात वाढला तो चमच्यानं. "पाव्हण्यांनी मासा पिठल्यासारखा खाल्ला हो. व्याही हसला. आता माझ्या लेकीला तिथं पिठलेवाल्यांची म्हणतात. लेक फोनवर रडते. आणि तुम्ही मला सांगता, माशात जंतू होता."

"मी अजून काहीच सांगितलं नाही. बादली उघडल्याशिवाय सांगणारही नाही. जे दिसेल ते आधी तुम्ही बघायचं, मग मी."

ते जागचे हलले नाहीत. शेवटी आतून त्यांची बायको, सगळ्यांची कमलवहिनी, चहा घेऊन आली आणि नवऱ्याला म्हणाली, "उघडा ना. तुमना समोर तर उघडी राह्यनी." तुमच्यासमोरच तर उघडते आहे. आबा उठले.

बादली गावातल्या कुल्फीवाल्याच्या फ्रीजरमध्ये होती, तोंडाला फडकं, त्यावर सुतळी, सुतळीवर लाख. आबांनी ती स्वतः तोडली. आत पिवळाधमक लगदा, मधून मधून काटे आणि कातडी.

"हा पिवळा का?" मी विचारलं.

"हळद-मीठ लावेल शे," वहिनी म्हणाली. "नदीना मासाले आम्ही असंच करतस. रातभर हळद-मीठमा ठेवतस, सकाळ धवतस, मंग रांधतस. मरळ असो का वाम, मस्त घट व्हस."

मी हातातला चमचा खाली ठेवला. आमच्या किनाऱ्यावर सकाळी घेतलेला मासा दुपारी पोटात असतो. म्हणून कुडोआचा मासा आमच्याकडे क्वचितच कोणाच्या लक्षात येतो. त्याला विरघळायला वेळच मिळत नाही. इथं नदीचा मासा जाळ्यातून जिवंत घरी येतो. त्याला रात्रभर ठेवलं तर तो मुरतो आणि घट्ट होतो. वहिनींनी समुद्राच्या माशाला नदीच्या माशाची रीत लावली होती. तो आधीच बर्फात प्रवास करून आलेला आणि त्यावर उन्हाळ्याची एक अख्खी रात्र.

पण हे सगळं कुडोआ असला तर. अंगणात चौरंग मांडला, आरसा उन्हाकडे फिरवला. पहिल्या काचेवर फक्त हळद. पिवळे गोळे, त्यांच्यामागे सगळं झाकलेलं. दुसरीवरही तेच. आबा बाजूला उभे राहून घसा साफ करत होते. लगदा पाण्यात ढवळला, गाळ खाली बसू दिला, वरचं पाणी ओतलं, पुन्हा पाणी. असं हळद उतरेपर्यंत केलं. मग तेलाचा थेंब टाकून मोठं भिंग लावलं.

होते. खच पडला होता. वरून पाहिलं तर प्रत्येक बीजाणू चार पाकळ्यांचा आणि पाकळीगणिक पेरूच्या आकाराची एकेक कुपी, चारही टोकं मध्याकडे. याच्या भाऊबंदांपैकी एकाला तीन पाकळ्या आणि एकच मोठी कुपी असते. दुसऱ्या एका गटात नुसता लांबोळा दाणा दिसतो, कुपी नाहीच. चार कुप्या म्हणजे कुडोआ. वंशापुरती शंका नव्हती.

"बघा," मी आबांना म्हटलं.

त्यांना आधी स्वतःच्या पापण्या दिसल्या, सगळ्यांना दिसतात. मग ते बराच वेळ वाकून राहिले. "बोंडासारखं," ते शेवटी म्हणाले. "कापसाचं बोंड उमललं की वरून असंच दिसतं. चार फाकांचं."

इतक्या वर्षांत मला विद्यार्थ्यांसाठी इतकी चांगली उपमा सुचली नव्हती. ती मी घेतली. पण आबा ताठ झाले आणि वळले.

"म्हणजे मासा रोगी होता. अक्कानं रोगी मासा विकला. पावडर नसेल, रोग तर होता. हे तुम्ही लिहून द्या."

मी जे शोधायला आले होते ते सापडलं होतं आणि त्यानंच अक्काचा ओटा जाणार होता. 'माशात परजीवी होता' एवढं एकच वाक्य बाजारात पोचलं असतं तर पुढचं कोणी ऐकलं नसतं.

"विकताना तो घट्ट होता," मी म्हटलं. "तुमच्या माणसानं बोट दाबलं होतं."

"ते अक्का म्हणते."

मी थर्मोकोलचा डबा उघडला. त्याच माशाचा दुसरा अर्धा, घट्ट. त्याच्या चार वेगवेगळ्या ठिकाणचे कण घेऊन त्या उन्हात पुन्हा पाहिले. गोदामात न दिसलेले चार पाकळ्यांचे बीजाणू इथं दिसले. पण तुरळक, एका काचेवर दोन, दुसरीवर एकही नाही. हा अर्धा भाग रात्रभर हळदीत ठेवला तर विरघळेल का? बहुतेक. खात्री नव्हती. परजीवी सगळीकडे सारखा पसरलेला नसतो.

"उद्या बाजारात करून दाखवीन," मी आबांना सांगितलं. "नाही झालं तर तुम्ही म्हणाल ते लिहून देईन."

वहिनींनी न विचारता घरची हळद आणि मीठ पुडीत बांधून दिलं. निघताना त्या माझ्याबरोबर फाटकापर्यंत आल्या. "म्हणजे मन्हाच हातनं व्हयनं का?" त्यांनी हळू विचारलं.

"रीत चुकीची नाही, वहिनी. मासा वेगळा होता."

त्यांनी मान हलवली. पटल्यासारखं वाटलं नाही.

पुन्हा धुळे

संध्याकाळी नानांच्या दुकानात तीन थाळ्या मांडल्या. एकीत जळगावचा तुकडा बर्फावर. दुसरीत त्याच माशाचा तुकडा, वहिनींची हळद, वहिनींचं मीठ. तिसरीत शेजारच्या ओट्यावरच्या दुसऱ्या सुरमईचा तुकडा, त्यालाही तेच हळद-मीठ. तिच्यात परजीवी दिसला नव्हता. बर्फ पुरवायला आणि थाळ्यांवर नजर ठेवायला नाना स्वतः. कुलूप त्यांचं, किल्ली त्यांच्या कमरेला. मी हात लावायचा नाही असं मीच सुचवलं होतं आणि सुचवल्याचा पश्चात्ताप होत होता. हळदीच्या दोन्ही थाळ्या सारख्याच घट्ट निघाल्या तर अक्काचा ओटा मी घालवला असता, तोही रत्नागिरीहून येऊन.

अक्कानं रात्री शेवभाजी केली. मला दोन घास गेले. "खाय बहीन," ती म्हणाली. "ओटा मन्हा जाई, तुना जेवन कसाले जास?"

रविवारी ओट्यांच्या मधल्या जागेत माणसं जमली. आबा आले, मागे कमलवहिनीही. नानांनी थाळ्या आणून अक्काच्या रिकाम्या ओट्यावर ठेवल्या. दुसऱ्या थाळीतला तुकडा दिसायला तसाच होता, आकार जागेवर, कातडी चकचकीत.

"कोणी दाबायचं?" नानांनी विचारलं.

"तक्रार माझी," आबा म्हणाले. बर्फावरचा तुकडा त्यांनी दाबला. मांस परत वर आलं. दुसऱ्या माशाचा हळदीतला तुकडा दाबला. तो अधिकच घट्ट. मग त्यांनी मधल्या थाळीत बोट ठेवलं. जोर लावावाच लागला नाही. बोट पेरापर्यंत आत गेलं आणि थाळीला टेकलं.

आबांनी बोट बाहेर काढलं, त्याकडे पाहिलं, आणि पुसायला काही सापडेना म्हणून तसंच धरून उभे राहिले.

मी थोडक्यात सांगितलं. जीव खोल मांसात असतो, बंदरावर, गाडीत, ओट्यावर कोणालाच दिसत नाही. मासा विकताना चांगला होता. नीट शिजवलेल्या माशातल्या कुडोआनं कोणाला त्रास झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. कच्चा मासा खाल्ला तर त्रास देणारी एक जात आहे, ती हीच का ते सांगता येणार नाही. वंश कुडोआ, जात ठरलेली नाही. तुकडा तपासणीला पाठवते आहे.

"मग चूक कोणाची लिहायची?" नाना म्हणाले. समितीला कोणाचं तरी नाव हवं होतं.

मी 'कोणाचीच नाही' म्हणणार होते. पण बायकांच्या घोळक्यातून वहिनी पुढे आल्या. पदर डोक्यावर, आवाज मोठा. "मीच रातभर ठेयेल व्हता. अक्काना मासा चांगला व्हता. आते पुरे करा."

आबांनी बायकोकडे पाहिलं. लेकीच्या सासरी पिठल्याचं बोलणं थांबणार नव्हतं, आता तर ते पिठलं घरचंच ठरलं होतं. ते वहिनींना माहीत होतं. तरी त्या बोलल्या. अक्का ओट्यावरची पाण्याची घागर घेऊन आली आणि आबांच्या बोटावर पाणी ओतलं. त्यांनी धुऊन घेतलं. माफी कोणी मागितली नाही.

"ओटा अक्काकडेच," नाना म्हणाले आणि थाळ्या उचलल्या. "पण गिऱ्हाइकाला सांगायचं. समुद्राचा मासा त्याच दिवशी."

परतीच्या गाडीआधी सकाळी बाजारात गेले. अक्काच्या ओट्यावर नवी सुरमई होती, गिऱ्हाईक नव्हतं. दोघी जणी भाव विचारून पुढे गेल्या. तिसरी थांबली. "अक्का, पिठलं तर व्हणार नही ना?"

आसपासचे हसले. अक्का हसली नाही. "आजच रांधजो," ती म्हणाली. "सकाळलोंग ठेवशी त मन्हा ओटावर येऊ नको." आणि सुरमईचा कापलेला तुकडा तिनं त्या बाईसमोर धरला. "दाब."

बाईनं माझ्याकडे एकदा पाहिलं, मग बोट दाबलं. मांस वर आलं.

"दे अर्धा किलो," ती म्हणाली.